पाऊणकी

चोडणच्या धक्क्याला फेरीबोट लागते
तोवर सव्वासहा झालेले असतात.
स्कूटर चढणीवर घेता घेता मी डावीकडे बघते,
खाजनाच्या बांधावर ते दोघे असतातच.
एक कमरेत वाकलेला,
दुसरा उगाच तसाच वाकून चालणारा,
हात मागे बांधून,
सात वर्षांचा.

खेकड्यांनी बांधाला भोकं पाडलेली असतात.
निनाद त्यात हात घालतो.
मनगटापर्यंत गेला तर उद्या बघू,
कोपरापर्यंत गेला तर चिखल आत्ताच हवा.
हे माप आजोने ठरवलेलं.
आता हात वाढतोय, माप चुकतंय.
'म्हणजे भोकं लहान होत चालली,' आजो म्हणतो,
आणि दोघांनाही ते पटतं.

मानशीच्या लाकडी दाराला कडी नाही, कुलूप नाही.
भरतीचं पाणी येतं आणि येता येता
आपल्याच तोंडावर दार लोटून घेतं.
ओहोटीला तेच उघडतं.
'मग तू कशाला जातोस रोज?'
निनादने विचारलं होतं.
'कोणी बघत असलं की दार नीट लागतं.'

मी सगुण मानशेकाराची मुलगी.
मला त्याने पाऊणकी शिकवली ती
जाळ्याची काठी मांडीवर आडवी ठेवून.
तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते.
चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा.
चुकलं की काठी हलायची. मारलं कधीच नाही,
पण ती हलायची.
पाण्याकडे नेलं नाही एकदाही.
घसरशील, म्हणायचा.

आणि नातवापुढे हाच माणूस
बांधावर बसून मोठ्याने चुकतो.
'आज षष्ठी. सहा पाऊण... साडेपाच?'
'साडेचार, आजो!'
'साडेचार? कोण म्हणतो?'
'पाणी म्हणतं!'
मग दोघे इतके हसतात
की शेवाळावरचे बगळे उठतात.
शाळेतल्या टीचरला पाऊणकी येत नाही,
याचा निनादला फार अभिमान.

मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.
भात वाढताना एकदा बोललेही,
'आमच्या वेळी कुठे होता हा आजो?'
बाबा सुंगटं सोलत राहिले.
सोललेली सगळी निनादच्या ताटात घातली,
शेवटचं एक, खूप वेळाने, माझ्या.

मागच्या दशमीची गोष्ट.
फेरी लवकरची मिळाली, मी स्कूटर लावून
चपला हातात घेऊन बांधावर गेले.
'आज दशमी,' बाबा म्हणाले.
'दहा पाऊण...'
आणि थांबले.
निनादकडे असं बघितलं,
जसं कोणी अनोळखी पोराने पैसे मागावेत.
ओठ हलत होते. हातातला चिखल
बोटांमधून खाली पडत होता.
मला माझ्याच मांडीवर ती काठी जाणवली.

निनाद खो खो हसला.
'परत मुद्दाम! परत मुद्दाम चुकला!'
चिखलाच्या हाताने त्याने आजोच्या पाठीवर थाप मारली.
'साडेसात, आजो, साडेसात!'
'हां,' बाबा हळूच हसले.
'बघत होतो, तुला येतं का.'

रात्री मच्छरदाणी खोचताना मी म्हटलं,
'निनाद, मघाशी आजो मुद्दाम नव्हता चुकला.'
त्याने कूस बदलली.
'मला माहीत आहे.
गेल्या वेळी पण नव्हता.
पण मी हसलो नाही,
तर त्याला कळेल ना.'

साडेसात केव्हाच वाजून गेले होते.
बाहेरच्या खोलीत बाबांचा खोकला,
त्याच्याही पलीकडे, अंधारात,
दाराला टेकलेलं सगळं पाणी.

मी दिवा मालवला.
तो झोपला असं मला वाटलं,
तेवढ्यात म्हणाला,
'उद्या जुने बूट काढून ठेव.
माझे नव्हे, त्याचे.
हल्ली तो घसरतो.'